दावा क्रमांक सात

अपिलाची फाईल साखर पेठेत, ओट्यावर उघडलीय.
दुपारचे तीन. पत्र्याखाली माग खडखडतायत,
म्हणजे वीज अजून आहे.

दावा क्रमांक सात: धागा तुटला की
सॉफ्टवेअर ती ओळ लक्षात ठेवेल
आणि नक्षी तिथूनच पुढे नेईल.
खाली नियंत्रकांचा शेरा: 'उघड आहे.'
दोन जुने कागद. एकात ताण मोजणं, दुसऱ्यात ओळी मोजणं.
जोडा, झालं.

कोर्टाने मला विचारलंय, खरंच उघड आहे का?
मला म्हणजे मला नाही. त्या कुशल कारागिराला,
कायद्याने घडवलेल्या,
ज्याने जगातले सगळे कागद वाचलेत, जपानीसुद्धा,
आणि ज्याला जन्मात एकदाही काही सुचलेलं नाही.

असा माणूस मला सोलापुरात भेटला नाही.

इथे इरय्या गाजूल आहेत.
चाळीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे पाडले:
भोक म्हणजे उचल, भोक नाही म्हणजे राहू दे.
वाचन: पंचांग आणि लाईट बिल.
उत्तर झाकून विचारलं, "मामा, धागा तुटला तर?"
त्यांनी पुठ्ठ्यांची माळ ओढली.
एकाच्या कडेला लाल दोऱ्याची गाठ.
"हितं तुटला होता. हितनंच धरायचं."
मग तेलुगूत सुनेला काही म्हणाले, तीही हसली.

माझ्या पोटात खड्डा.
गाठीवर तारीख नाही. गाठ कुठे छापलेली नाही.
गाठ दप्तरात नाही,
आणि मला दप्तराबाहेर बघायचं नाही.

शिवाय, गाठीपासून दाव्यापर्यंत मी इतक्या झटकन पोचले
कारण शेवट मला आधीच माहीत होता.
चादर उलटी केली की मोराचे सगळे धागे दिसतात,
म्हणून मोर सोपा होत नाही.

मसुद्यात लिहिलं, 'कारागीर हे करू शकला असता.'
खोडलं.
'कारागिराने हे केलं असतं.'
तेही खोडलं.
ते दोन कागद एकमेकांना का म्हणून भेटतील,
हे नियंत्रकांनी कुठेच सांगितलेलं नाही.
तेवढंच लिहिते.

निघताना इरय्यामामांनी विचारलं,
"ज्याचं कुणाचं हाय हे,
त्याला आता गाठीमागं पैसे द्यायचे का?"
"नाही," म्हटलं.
"मग लिही काय ते," म्हणाले,
आणि चष्मा कपाळावर सारून पुढचा पुठ्ठा घेतला.