रस्त्याकाठचं संग्रहालय, तिकीट दहा रुपये

उंब्रजच्या अलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्याला खेटून
उभं केलंय खाणीतलं ते धूड.
पिवळा रंग नवा. बादलीचे दात तीनच.
बादलीत बसून कुणाची तरी पोरं फोटो काढून घेतायत.

बाबालालचाचा पाटी वाचतात अक्षर लावून:
वजन एकशे दहा टन.
"माझ्यासकट, का मला सोडून?"
तिकीटवाला पोरगा मोबाइलमधून मान वर करत नाही.

केबिनला कुलूप.
काचेतून दिसतो डावा दांडा,
मूठ घासून बोटांच्या मापाची झालेली.
तेवढी रंगवायची राहिली.

चाचा वाकून साखळीच्या कडीमागं हात घालतात,
पार कोपरापर्यंत,
म्हशीची कास चाचपावी तसा.
"ग्रीस न्हाई," म्हणतात.

आणि कोरडाच हात
पायजम्याला पुसतात, दोनदा.