होता

वुल्व्हरहॅम्प्टन, डडली रोडच्या मागची गल्ली, बारा नंबर.
मंगळवार आणि शुक्रवार. पायाची जखम.
फाइलवर: शीलावंती भसीन, वय सत्त्याऐंशी,
भाषा पंजाबी, दुभाषी लागेल.

माझ्या बिल्ल्यावरचं 'गावंडे' तिनं नातीकडून वाचून घेतलं,
कुठली ते विचारलं,
आणि दुखरा पाय स्टुलावर तसाच ठेवून
वाकता येईल तेवढी वाकली.
"दंडवत प्रणाम."

मी मोर्शीची. आमच्या गल्लीत
काळ्या कपड्यांतली माणसं भिक्षेला यायची
आणि दार लोटताना आई म्हणायची,
करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.
इतक्या वर्षांनी, या कार्पेटवर, ती म्हण ऐकू आली
आणि हातमोजे घालायला मी नको तितका वेळ लावला.

तिचे आजोबा पेशावरला हिंग विकायचे.
तिथल्या मठात पोरांना मराठी शिकवत,
कारण देव मराठीत बोलला होता.
ती कुठल्या मुलखाची भाषा, कोणी विचारलं नाही.
"चहा घे" तिला मराठीत येत नाही.
बस, दवाखाना, पेन्शन, काही नाही.
जीव येतो, देवता येते, प्रपंच येतो, परमेश्वर येतो.

चार थरांची पट्टी मी गुंडाळत होते,
ती चार पदार्थ मोजत होती.
जुळवून पाहिले. जुळले नाहीत.
"देवता किती?" दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून मी विचारलं.
"एक्क्याऐंशी कोटी, सव्वा लाख, दहा,"
हे हिंदीत, मधेच पंजाबीत.
"सगळ्या देतात. स्वर्ग, पोरं, व्हिसा.
सुटका देत नाहीत. त्यांच्यापाशी ती नाहीच."

तिच्या नजरेत आता मधोमध काळा डाग आहे.
मावशीनं उतरवलेली वही तिनं माझ्यापुढे धरली.
मी दोन ओळी वाचल्या, तिनं थांबवलं.
"ळ."
शाळेत डोळ्याला डोया म्हणून
मी हातावर पट्टी खाल्ली होती,
आणि इथे ही बाई, पेशावरचा ळ शाबूत ठेवून,
"परत," म्हणाली.

उशीखालच्या रुमालात सुपारीएवढा दगड.
रिद्धपूरचा, कोणीतरी कोणालातरी दिलेला.
ती तिथं कधी गेली नाही.
माझी एस.टी. रोज तिथून जायची, मीही गेले नाही;
खिडकीतून पाटी वाचली, शेंगा सोलल्या.
"यात देव आहे?" मी मूर्खासारखं विचारलं.
ती पहिल्यांदा हसली.
"होता."

एवढ्या मोठ्या धर्माचं एवढंसं क्रियापद.
टेकला होता, विडा घेतला होता, उठून गेला.
मागे उरलेल्यांनी आठवायचं,
आठवत हिंडायचं, मागून खायचं,
एका गावात पाय रुतू द्यायचा नाही.
(नात म्हणाली, आजी या घरात अडुसष्ट सालापासून आहे.)

जखमेला मी औषधी मध लावते, कागदी टेपनं मोजते.
एप्रिलात चार सेंटीमीटर, जूनमध्ये अडीच,
काल एकाच्याही आत. कडा गुलाबी.
चांगली बातमी म्हणून सांगितलं:
भरली की माझं येणं बंद.

तिनं रुमालाची गाठ मारली.
"असन्निधान," म्हणाली,
पोराला समजावं इतक्या सावकाश,
आणि नातीला, पंजाबीत, चहाचं काहीतरी.

फाइलीत लिहिलं: शून्य पूर्णांक आठ. पुढची भेट शुक्रवारी.
मग गाडीत, काचा बंद करून, इंजिन न लावता
म्हणून पाहिलं.
डोळा. वेळ. जवळ.
तिसऱ्यांदा जमलं.