तक्ता तीन

सोहारच्या इस्पितळात ग्रंथालय म्हणजे
शवागाराच्या वरची खोली,
बत्तीस खुर्च्या, आणि एसीचं पाणी झेलणारी निळी बादली.
पुस्तकं थोडी. बाकी सगळं पडद्यापलीकडे.

रात्री पावणेदहाला डॉक्टर झुवैना आल्या,
अबायावर पांढरा कोट, बाहीला जंतुनाशकाचा वास.
"चार नंबर वॉर्ड. नऊ वर्षांचा मुलगा. सिकलसेल.
हा लेख हवा. आजच."

लेख होता. म्हणजे नाव होतं,
गोषवाऱ्याच्या सहा ओळी होत्या,
अंक नव्हता, पान नव्हतं,
सातव्या ओळीच्या जागी कुलूप:
तुमची वर्गणी छापील अंकापासून लागू.

साखरपुडा झालाय, अक्षता बाकी,
म्हणून उंबऱ्याबाहेर.

जानेवारीत पैसे मीच भरले होते,
रियालात, आगाऊ, गेल्या सालापेक्षा नऊ टक्के चढे.
आपण आगाऊ भरायचं, लेखही आगाऊ निघायचा,
मधे कोण बसलंय पाय पसरून ते विचारायचं नाही.

इद्रीस, माझा सुदानी मदतनीस, खुर्च्या लावता लावता म्हणाला,
"लेखकालाच लिहा की. फार तर नाही म्हणेल."
पत्ता नागपूरचा निघाला. यशोधन मेश्राम.
मी इंग्रजीत लिहिलं, रीतसर,
खाली सही: नीलांबरी खोत, ग्रंथपाल.

तिकडे साडेअकरा वाजून गेले असतील.
उत्तर आलं मराठीत.
"खोत म्हणजे कोकणातल्या का?
फाईल जोडलीय. एक मात्र करा,
तक्ता तीन, दुसरी ओळ: पंधरा नाही, दहा वाचा.
चूक माझीच. छापताना सुधारतील.
पोराचं वजन आधी घ्या, मग औषध."

प्रत काढली. पंधरावर आडवी रेघ मारली,
शेजारी दहा लिहिलं, दोनदा गिरवलं.
झुवैनाबाई वाचत वाचतच जिना उतरल्या,
कठड्याला हात न लावता.

अंक ऑक्टोबरात आला.
कुलूप आपोआप निघालं. पान चारशे बारा.
तक्ता तीन, दुसरी ओळ: दहा.
रेघ नाही, गिरवणं नाही,
चुकल्याची खूणसुद्धा नाही.
मी वहीत लिहिलं: प्राप्त.

"त्या मुलाचं पुढे काय झालं?" इद्रीसने विचारलं.
ते खाली कळतं. वर कुणी सांगायला येत नाही.
झुवैनाबाईंकडची प्रतही परत आली नाही,
मी मागितली नाही.
बादली काठोकाठ भरली होती,
ती ओतायला उठले.