विरजण

हडर्सफील्डच्या परसात कमरेइतका खड्डा,
त्यात काळं रबर, आणि नळाचं पाणी.
दोन दिवस क्लोरीन उडू दिलं.
इतकं नितळ, की मला वाटलं, झालं.

कुंपणावरून बेरिल म्हणाली,
मासे नको एवढ्यात.
पाणी अजून कोरं आहे.

मग रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिले,
न आलेल्यांसाठी,
नुसतं कुजावं म्हणून.
रोज सकाळी नळीत पाणी, वर औषधाचे थेंब:
हिरवा. हिरवा. परवा तर गर्द हिरवा.
पंप गुरगुरतो,
राखायला काहीच नसलेल्या कुत्र्यासारखा.

चौथ्या आठवड्यात ती आली,
आइस्क्रीमच्या डब्यात
तिच्या तीस वर्षांच्या तळ्यातला गाळ.
वासानं मी मान फिरवली.
ओत, म्हणाली.

आणि हाताला आठवलं:
शेजारून मागून आणलेलं वाटीच्या तळाशी चमचाभर,
कोमट दुधात बोटानं फिरवायचं, झाकायचं,
मग हलवायचं नाही.
सारखं झाकण उघडून बघणाऱ्याचं दही
कधी लागत नाही.

नऊ दिवस मी परसात गेले नाही.
म्हणजे, दोनदाच गेले.

आज नळी पिवळी.
तळ मात्र दिसेनासा झालाय.
आता आण, म्हणाली बेरिल.
दोनच.