राजवाड्याच्या पाठीवर

वडशाच्या नाटक कंपनीने टाकून दिलेला राजवाडा
मी अडीचशेत उचलला.
बारा हात लांब, आठ हात उंच,
सिंहासनावर कुणाच्या तरी चहाचा डाग,
एक खांब उंदरांनी कुरतडलेला, रुपयाएवढं भोक.
रंगवला मीच होता, एकोणीस वर्षांपूर्वी.
तेव्हा त्याचे नव्वद मिळाले होते.

मे महिना. शाळेला सुट्टी.
सहारे गुरुजींनी सातवीच्या वर्गाची किल्ली दिली,
"भिंतीले रंग नोको लागू देऊ दुर्पता, बस."
बाक बाहेर काढले, राजवाडा पालथा घातला,
मागच्या कोऱ्या मांजरपाटावर चिंचोक्याची खळ फिरवली,
गेरूत बुडवलेल्या दोरीने
फटक फटक
हात-हातभर चौकटी पाडल्या.

आजवर जंगलं काढली, तुरुंग काढले,
कुठेच न पोचणारे जिने,
चंद्र तर इतके की पौर्णिमेचं अप्रूप उरलं नाही.
माणूस मात्र कधीच नाही.
पडद्यावर माणूस चालत नाही,
माणसं पुढे उभी राहतात.

मार्कंड्याच्या देवळावर एक बाई आहे,
मान मागे टाकली की दिसते.
हातात आरसा, अंग तीन ठिकाणी वाकलेलं,
नाक झिजलेलं.
जत्रेत लोक पिंडीसाठी रेटारेटी करतात,
मी तिच्याखाली उभी, मान आखडेपर्यंत.
एवढी शतकं आरसा धरून
तिने एकदाही हात बदललेला नाही.
तिचं उभं राहणं तेवढं मला हवं होतं.
बाकीचं माझं होतंच.

त्रिभंग शिकावा लागला नाही.
डावा गुडघा गेल्यापासून
सगळा भार उजव्या पायावर,
कंबर बाहेर, खांदा खाली,
मान बिचारी दोघांची भरपाई करते.
चामोर्शीचा डॉक्टर याला वेगळं नाव देतो.

माझा आरसा दाढीचा, कडेचा पारा उडालेला,
एका वेळी एकच डोळा मावायचा.
मग मी चौकटी-चौकटीने गोळा झाले.
सोमवारी भुवई.
मंगळवारी हनुवटीवरचं गोंदण.
कानाला दोन दिवस लागले,
बावन्न वर्षं सोबत असून
तो असा असतो, हे ठाऊक नव्हतं.
अंगाला पिवडी, हिरमंजी, चुलीमागची काजळी.
तिच्यासारखे बाजूबंद काढले,
रात्री येऊन पुसले,
सकाळी एक परत काढला.
हाताशी आले तर तिथेच ते भोक.
ठिगळ लावायला सुई ओवली होती,
तशीच दारात बसून राहिले,
आणि भोकाभोवती आरसा काढला.

कार्तिक उलटल्यावर कंपनीचा माणूस आला.
नवा राजवाडा ट्रकातून पडून फाटला होता.
"जुना देतेस का वो, एका रातीपुरता?"
"देतो ना. पन मांगचं पुसाचं नाही."
"मांगचं कोन पायते?"

त्या रात्री धानाच्या कापल्या बांधीत मंडप,
तणसावर बसलेलं गाव,
पुढे राजवाडा, दिव्यांत नवा वाटणारा,
आणि मागे, रंगपेट्या नि चहाच्या कपांच्या अंगावर
आठ हात उंच मी.
राजा मिशी चिकटवता चिकटवता थांबला.
"कोन होय थे?"
"देवी असन."
"देवीचा गुडगा असा सुजते का?"
पेटीवाल्याने सूर धरला, दोघेही उठले.

मी विंगेत, उजव्या पायावर.
पुढच्या झोताचा एक ठिपका
भोकातून आत आला होता.
प्रवेशाची वाट पाहणारी राणी
खोक्यावर चढली,
माझ्या हातातल्या आरशाला डोळा लावून
गर्दी किती आहे ते मोजू लागली.