काचपट्टी

सकाळी सहाला कॉलेजच्या गच्चीवर जातो.
दांडीला लावलेली कालची काचपट्टी काढतो, आजची अडकवतो.
व्हॅसलीनचा हात विजारीला पुसायचा नाही
असं रोज ठरवतो, आणि पुसतो.

खाली पलूसच्या रस्त्याकडेनं ऊस तुऱ्यावर आलाय.
लांबून रुपेरी, मऊ. पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात.
मला तो नुसता दिसला तरी टाळूला खाज सुटते.

हे सगळं वेंगुर्लेकर बाईंनी सुरू केलं.
म्हणायच्या, आमच्याकडे वारा समुद्रावरून येतो,
अंघोळ करून आल्यासारखा.
तुमच्याकडे दहा जणांच्या रानातून फिरून येतो,
बांधाबांधावरचं काहीबाही खिशात घालून.
समुद्र मी एकदाच पाहिलाय, रत्नागिरीला.
तिथं दोन दिवस शिंक आली नाही
तर मला चुकल्यासारखं झालं.

बाई निवृत्त होऊन गावी गेल्या.
मागे राहिला ढिल्या स्क्रूचा सूक्ष्मदर्शक
आणि मी, प्रयोगशाळा परिचर, दहावी नापास.
पण परागकण ओळखतो.
गाजर गवताचा काटेरी, सराट्यासारखा.
राजगिऱ्याचा खड्ड्याखड्ड्यांचा, हुबेहूब राजगिऱ्याचा लाडू.
बाभळीचे सोळा-सोळा एकमेकांना चिकटून,
वाटण्या न झालेल्या भावांसारखे.
उसाचा आणि शाळूचा मात्र वेगळा काढता येत नाही.
बाईंनाही येत नव्हता. दोन्ही गवतंच शेवटी.
कारखान्याच्या लोकांसमोर हे बोलायचं नाही,
एवढं त्या बजावून गेल्यात.

मोजून झालं की फाटकाजवळच्या फळ्यावर
खडूनं आकडा लिहितो.
प्राचार्य वाचत नाहीत. पोरं त्याखाली क्रिकेटचा स्कोअर लिहितात.
वाचते ती नाझनीन मुजावर.
स्कूटी बंद न करता एक पाय खाली टेकवते,
मागे आफताब, नाकावर हिरवा रुमाल, खिशात पंप.
"आज किती, लाडमामा?"
आकड्यावरून तिचं घर चालतं :
खिडकी उघडायची का, गोळी अर्धी का अख्खी,
मैदान की वर्ग.

डिसेंबरात एका शुक्रवारी दोनशे चौदा भरले.
दोनदा मोजले. दोनशे चौदाच.
त्याच दिवशी तालुक्याच्या स्पर्धा.
आफताबच्या पायात कुणाचे तरी मागून आणलेले बूट,
नाडी दोन वेढे घालून बांधलेली.
तो माझ्याकडे बघत नव्हता, आईकडेही नाही.
खडूकडे बघत होता.

मी चौदा लिहिलं.
दोन हातातच राहिला.

मग दिवसभर फोन वाजला की पोटात गोळा.
परीक्षानळ्या धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या.
एक फुटली, तिची नोंद केली नाही.
एका दिवसात दोन खोट्या नोंदी,
तेवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.
संध्याकाळी मुद्दाम मुजावर गल्लीवरून घरी गेलो.
दाराशी स्कूटी नव्हती.

सकाळी आली. पाय टेकवला.
मागे आफताब, रुमालाच्या वर दोन लाल डोळे,
आणि त्या डोळ्यांत हसू.
"चौथा आला," ती म्हणाली. "चौथ्याला काय देत नाहीत."
मग फळ्याकडे बघून, आवाज न चढवता,
"काल आकडा चुकला होता ना, मामा?
पळायच्या आधी मी त्याला पंप दिला होता.
तुरा मला पण दिसतो की."

मी काहीच बोललो नाही.
फळा पुसला, ओल्या फडक्यानं पुसायचा तो कोरड्यानंच पुसला,
आणि एकशे शहाण्णव लिहिता लिहिता
शहाण्णववर अशी शिंक आली
की खडू तुटला.
"खरा दिसतोय आजचा," आफताब म्हणाला.