कौलाचा भाव

तीस बोलिव्हियानो.
पाटीवर खडूनं लिहिलंय, आणि खाली
मोबाइलनं पैसे भरायचा काळा-पांढरा चौकोनही डकवलाय.
एल आल्तोच्या कड्यावर निळ्या पत्र्याच्या टपऱ्यांची रांग,
प्रत्येकीपुढे शेगडी, शेगडीतून गोडसर धूर,
आणि मी चौदा नंबरापुढे
दुखरा गुडघा दाबत उभी.

तीस म्हणजे माझ्या हिशेबात दीड किलो स्क्रू.
जुने, पण आटे शाबूत असलेले.
गुरुवारी आणि रविवारी मी तेच विकते,
ताडपत्रीवर ढीग मांडून:
नट, वायसर, बिजागऱ्या, रेडिओची बटणं.
एकदा भंगारात कुणाचा काचेचा डोळा आला होता.
तो मी विकला नाही.

आज अजून भवानी झालेली नाही.
भवानीआधी गाठीचे पैसे सोडू नयेत, एवढं कळतं मला.
पण डॉन फ्रोइलानला रविवारपर्यंत उत्तर हवंय:
बाजारातली जागा देतेस का? अकरा हजार, रोख.
आणि योवाना तिकडे अरिकाहून फोनवर म्हणते,
आई, इथं खाली श्वास पुरतो,
इथं हाडात थंडी शिरत नाही, समुद्र आहे.
समुद्र मी पाहिलाय. दोनदा.
त्याच्यासमोर बसून काय विकायचं
ते मला सुचलं नाही.

माझी आई पानं वाचायची.
पैसे कधी घेतले नाहीत तिनं.
एक ओंजळ चुन्यो, गोठवून वाळवलेले ते काळे बटाटे,
तेही कुणी विसरलं तर आठवण करायची नाही.
विणलेल्या फडक्यावर कोकाची पानं वरून सोडायची.
हिरवी बाजू वर, तर बरं.
फिकी वर, तर थांब.
पान दुमडून पडलं की काही बोलायची नाही,
नुसतं नाक पुसायची.
माझ्या लग्नाआधी तीनदा पुसलं तिनं नाक.
मी म्हटलं, सर्दी झालीय म्हातारीला.

शिकून घे, म्हणायची.
मी वजनकाटा शिकले.

म्हणून पासंग मला ओळखू येतो.
माझ्या काट्याला आहे थोडा, खोटं कशाला बोलू.
ह्या चौदा नंबरवाल्याच्या काट्याला कुठल्या बाजूनं असेल?
पोरगा योवानाच्याच वयाचा. नखं स्वच्छ.
आत एका बस ड्रायव्हरला काहीतरी हळू सांगतोय
आणि ड्रायव्हर टोपी काढून
नुसता मान हलवतोय, लहान मुलासारखा.

जा म्हणाला, तर फ्रोइलान हेच फुकट सांगत होता.
राहा म्हणाला, तर गुडघा काय ऐकणार आहे?
हात दाखवून अवलक्षण.
आणि समजा, त्यानं खरंच बरोबर सांगितलं,
तर पुढे कुणावर चिडू?
ते तीस बोलिव्हियानोत बसत नाही.

ड्रायव्हर बाहेर आला. डोळे पुसलेले, चेहरा हलका.
मला हेवा वाटला त्याचा. हे मात्र लिहून घ्या.
त्याच्या बाहीवरून एक पान सुटलं,
माझ्या पुढ्यात सिमेंटवर पडलं:
हिरवी बाजू वर, देठ पश्चिमेला,
म्हणजे अरिकाकडे. किंवा सार्वजनिक संडासाकडे,
तोही त्याच बाजूला आहे.

आई असती तर म्हणाली असती,
बिनविचारलेलं पान बोलत नसतं.
वाकून उचललं. गुडघा कडकन वाजला.
पुसलं, गालात धरलं.
कडू होतं, मग जीभ बधिर, मग बरं वाटलं,
पानानं वाटतं तेवढंच.

"बाई, येताय ना आत?" पोरानं विचारलं.
म्हटलं, गुरुवारी. भाव हाच राहील ना?
तो हसला. दात मात्र नखांइतके स्वच्छ नव्हते.

ताडपत्रीपाशी एक गिऱ्हाईक ताटकळत होतं.
सायकलच्या डाव्या पेडलचा आस हवा होता त्याला,
उलट्या आट्याचा.
असा असतो एखादा, मी म्हटलं,
आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला.